नानांची बोट जिथून सुटली ते बंदर

आमच्या शिरूरला समुद्र नाही, घोडनदी आहे. जुनी माणसे गावालाच घोडनदी म्हणतात. सह्याद्रीत उगम पावणारी ही नदी वाटेत कुकडीचे पाणी पोटात घेते, पुढे भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि शेवटी सगळे पाणी बंगालच्या उपसागरात जाते. म्हणजे अरबी समुद्र आमच्या घाटांपासून जवळ असला तरी आमची नदी त्याला पाठ दाखवून उलट्या दिशेने चालते. दौंडचेही तेच. तिथे भीमा आहे, रेल्वेचे मोठे जंक्शन आहे. पण समुद्र म्हटला की शाळेच्या भिंतीवरचा नकाशा.

तरीही आमच्या घरात समुद्राची एक गोष्ट आहे, आणि ती दौंडला मामूंच्या माळ्यावर एका पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलेली आहे. ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने नानांचे नाव आणि खाली ‘दौंड – बंबई – जेद्दा’ असे लिहिलेले आहे. ‘जेद्दा’तला ‘द्दा’ पुसट झाला आहे. आत एक तस्बीह, एक वातीचा स्टोव्ह, आबे जमजमचा झाळलेला डबा आणि एक तार. डबा पन्नास वर्षांत कोणी उघडलेला नाही.

नाना दौंडच्या लोको शेडमध्ये फिटर होते. निवृत्तीची रक्कम हातात आली तेव्हा त्यांनी घर बांधायचे सोडून हजचा फॉर्म भरला. 1976 साल. नानींची तब्येत बरी नव्हती, म्हणून ते गावातल्या दोन सोबत्यांबरोबर निघाले. त्यांना पोहोचवायला सगळे कुटुंब मुंबईला गेले होते. आमची अम्मी तेव्हा अकरा वर्षांची. परतीच्या प्रवासात, अदन मागे पडल्यावर दुसऱ्या दिवशी, बोटीवरच नानांचा इंतकाल झाला. बोटीवर गुस्ल झाले, कफन झाले, डेकवर जनाजाची नमाज झाली आणि मय्यत समुद्राच्या हवाली केली गेली. किनारा फार दूर असला तर शरियतने हीच रीत सांगितली आहे. मामू बोट आल्यावर धक्क्यावर गेले तेव्हा सोबत्यांनी ट्रंक त्यांच्या हाती दिली.

अम्मीच्या मनात एक गोष्ट सलत राहिली. घरातल्या प्रत्येकाची कबर कुठे आहे ते तिला माहीत आहे. नानींची दौंडला, अब्बांची शिरूरला. एकट्या नानांची कबर नाही. दुआ कुठूनही पोहोचते हे तिला कोणी शिकवायची गरज नाही, रोज पाच वेळा ती मागतेच. पण गेल्या वर्षी गुडघ्यांचे दुखणे वाढले तसे ती म्हणू लागली, “एकदा ते बंदर दाखवून आणा. अब्बा जिथनं जिना चढून गेले, ती जागा बघायची आहे.”

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही निघालो. आम्ही दोघे, नववीतली मुलगी, सहावीतला मुलगा आणि अम्मी. शिरूरहून सोयीचे म्हणजे पुणे गाठून पुढे जायचे. पण अम्मीचा हट्ट होता की नाना गेले तसेच जायचे, दौंडहून, रात्रीच्या गाडीने. म्हणून न्हावऱ्याच्या रस्त्याने आधी मामूंकडे गेलो. मामूंना दम्याचा त्रास, ते येऊ शकले नाहीत. स्टेशनपर्यंत मात्र आले. फलाटावर उभे राहून त्यांनी दाखवले, “इथं हार घातले होते. तक्बीरचा एवढा आवाज झाला की इंजिनवाल्यानं पण शिटी दिली. आपल्याच शेडचा होता.”

दौंड ते मुंबई साधारण 270 किलोमीटर. पहाटे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलो. ज्यांना असाच प्रवास करायचा आहे त्यांनी एवढे लक्षात ठेवावे: रात्रीच्या गाडीचे आरक्षण आधी करा, आणि सोबत वयस्कर माणूस असेल तर खालचा बर्थ मागा. आम्हाला मधला मिळाला आणि अम्मीची रात्र बसूनच गेली.

उतरण्याची सोय आम्ही क्रॉफर्ड मार्केटच्या भागात केली होती. हा भाग आमच्या गोष्टीचाच आहे. साबू सिद्दीक मुसाफिरखाना इथे आहे. महाराष्ट्रातून, आंध्रातून, मध्य प्रदेशातून आलेले हाजी बोटीची वाट पाहत इथे दिवस काढत. अम्मीला आठवते ते एवढेच की जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती, वळकट्या आणि पोती, आणि कुणीतरी तिला पेरू दिला होता. लसीचे दाखले, पिलग्रिम पास, तांदूळ-डाळ, लोणच्याच्या बरण्या, स्टोव्ह, सगळे बरोबर घ्यायचे. डेकचे तिकीट म्हणजे आपली चादर पसराल तेवढी आपली जागा. आता स्टेशनजवळ हज हाऊसची उंच इमारत आहे आणि हाजी विमानाने जातात. दौंडहून निघालेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जेद्द्यात असतो. नानांच्या वेळी एका बाजूचाच प्रवास सव्वादोन हजारांहून अधिक सागरी मैलांचा आणि दीड-दोन आठवड्यांचा होता. यलमलमची मीकात जवळ आली की बोटीवर घोषणा होई आणि सगळे डेक पांढरे होऊन जाई. हे नानांच्या सोबत्यांनी मामूंना सांगितले, मामूंनी अम्मीला, आणि अम्मीने ते आता गाडीत आमच्या मुलांना सांगितले.

या बोटी मुगल लाईनच्या. कंपनी 1877 सालची. ‘इस्लामी’, ‘मोहम्मदी’, ‘मुझफ्फरी’, ‘अकबर’, ‘नूरजहाँ’ ही बोटींची नावे आमच्या आधीच्या पिढीला पाठ असत, जशी आज मुलांना गाड्यांची असतात. नाना ‘अकबर’ने गेले. 1986 मध्ये ही कंपनी शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली आणि 1995 पासून समुद्रमार्गे हज बंद झाला. 2018 च्या सुरुवातीला बोटीने हज पुन्हा सुरू करायला सौदी सरकारने संमती दिल्याचे आपल्या सरकारने जाहीर केले होते. तेव्हा अम्मी फार खूश झाली होती.

सकाळी आमच्यातले पुरुष जामा मस्जिदीत गेलो. क्रॉफर्ड मार्केटमागच्या गर्दीत ही मस्जिद बाहेरून नीट दिसतही नाही. आत मात्र थक्क व्हायला होते. मस्जिद एका जुन्या तळ्यावर उभी आहे. पाण्यात काळ्या दगडाच्या सोळा कमानी आणि त्यांच्यावर इमारत. हौजात मासे फिरतात. बांधकाम 1802 मध्ये पुरे झाले आणि ते केले कोकणी मुसलमानांनी. पुढे 1837 मध्ये वरचा मजला चढवायला पैसा दिला मोहम्मद अली रोघे या व्यापाऱ्याने. त्यांच्या नावामागे ‘नाखुदा’ लागत असे. नाखुदा म्हणजे जहाजाचा धनी. मुंबईत नाखुदा मोहल्लाही आहे. मुलाने विचारले, “म्हणजे नाखवा?” बरोबर ओळखले त्याने. कोळीगीतांतला नाखवा म्हणजे फारसीतला नाखुदाच. बंदर आणि लंगर हे शब्दही फारसीतून आलेले. आपल्या मराठीत समुद्राचे शब्द कोणी आणले हे शाळेत सांगत नाहीत. आणि इंग्रजांचा मान्सून हा अरबीतला मौसम, त्यांचा अ‍ॅडमिरल हा अमीर-अल-बहर.

जवळच्याच मस्जिद बंदर स्टेशनाच्या नावाची गंमतही त्याला सांगितली. सगळ्यांना वाटते ते नाव जामा मस्जिदीवरून पडले असेल. जाणकार सांगतात की ते यहुद्यांच्या प्रार्थनास्थळावरून पडले आहे. बेने इस्राईल समाजाने 1796 मध्ये इथे आपले पहिले सिनेगॉग बांधले आणि ते लोकही त्याला मशीदच म्हणत. कोकणातल्या गावांत तेल गाळणारे हे यहुदी आपल्यासारखेच मराठी बोलत. बंदराच्या गावात असे असते. कोण कुठून आला याचा हिशेब लागत नाही.

मुंबईच्या आधी हजचे बंदर सुरत होते, त्याला बाबुल मक्का म्हणत. दख्खनचे लोक दाभोळहून, चौलहूनही जात. चौल हे अहमदनगरच्या निजामशाहीचे बंदर. अरबी घोडे तिथे उतरत आणि घाट चढून वर येत. त्याच्याही कित्येक शतके आधी सोपारा-कल्याणचा माल नाणेघाटाने जुन्नरला चढे. जकातीचा दगडी रांजण अजून घाटात आहे. आमच्या तालुक्यात कुकडीकाठी टाकळी हाजी नावाचे गावच आहे. म्हणजे नदीने पाठ फिरवली तरी आमच्याकडच्या माणसांनी समुद्राकडे कधी पाठ फिरवली नव्हती.

नाश्ता करून टॅक्सीने बॅलार्ड इस्टेटला गेलो. अम्मीच्या आठवणीत ‘बॅलार्ड पिअर’ हा शब्द होता. मामूही तोच सांगतात.

बॅलार्ड इस्टेट पाहून अम्मी गप्प झाली. रुंद, स्वच्छ, सावलीचे रस्ते, एका उंचीच्या दगडी इमारती, कोपऱ्या-कोपऱ्यावर कोरीव काम. रविवार होता, रस्ते रिकामे. आम्ही मुंबई म्हणून जी ओळखतो तिच्याशी याचा काही संबंध वाटत नव्हता. या सगळ्या जमिनीची गोष्ट मोठी मजेची आहे. 1914 मध्ये अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, तयार झाली. ती खणताना जी माती-दगड निघाले त्यांची भर समुद्रात घातली आणि बावीस एकर जमीन तयार झाली. तीच बॅलार्ड इस्टेट. जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाने तिची आखणी केली. गेटवे ऑफ इंडियाही त्याचेच. म्हणजे एकीकडे खड्डा केला तिथे जहाजे आली, दुसरीकडे ढीग केला तिथे जहाज कंपन्यांच्या कचेऱ्या आल्या.

मुंबईची पूर्वेची किनारपट्टी अशी तुकड्या-तुकड्यांनी झाली. 1875 मध्ये ससून गोदी, 1880 मध्ये प्रिन्सेस, 1888 मध्ये व्हिक्टोरिया, मग अलेक्झांड्रा. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ या दारूगोळ्याने भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला. जहाजात कापूसही होता आणि सोन्याच्या विटाही. शेकडो माणसे मेली, आसपासच्या वस्त्या जळाल्या, गोद्या उद्ध्वस्त झाल्या. त्या पुन्हा बांधल्या. मग कंटेनरचा जमाना आला. 1989 मध्ये खाडीपलीकडे न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले आणि माल तिकडे गेला. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या शेवटी बुजवल्या. ज्या पाण्यात जहाजे उभी राहत, तिथे आता कोरडी जमीन आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ हा सगळा किनारा भिंतीमागे होता. मुंबईकरांना पूर्वेचा समुद्र दिसतच नसे, त्यांचा समुद्र म्हणजे चौपाटी.

आता या किनाऱ्याचे रूप पालटते आहे. ससून गोदीच्या जुन्या गोदामांत 2017 मध्ये चित्रांचा मोठा महोत्सव झाला आणि भिंतींवर कोळणींचे चेहरे आले. मार्च 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी घेऊन जाणारी मोठी फेरीबोट चालते. जानेवारी 2024 मध्ये शिवडीहून समुद्रावरून अटल सेतू सुरू झाला. आणि सप्टेंबर 2025 मध्ये बॅलार्ड पिअरच्या बाजूला इंदिरा गोदीत आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. लाटांसारखी वळणे असलेली पांढरी इमारत, आत तपासणीचे 72 काउंटर, वर्षाला 10 लाख प्रवाशांची सोय. बाहेरून दिसते तेवढेच आम्ही पाहिले. देखणी आहे यात शंका नाही.

फाटकावरच्या जवानाने नम्रपणे विचारले, “बुकिंग आहे का?” आम्ही नाही म्हटले. मग तो म्हणाला, “मग आत जाता येणार नाही, अम्मा.” नियम आहे, त्याचे काही चुकले नाही. अम्मीने त्याला सांगितले, “माझे वडील इथून हजला गेले होते.” तो बिचारा बिहारकडचा, विशीतला. त्याला इथून कधी हजच्या बोटी सुटत हेच माहीत नव्हते. त्याने अम्मीला बसायला स्वतःची खुर्ची दिली, पाणी दिले. दहा मिनिटे ती त्या खुर्चीवर बसून आतल्या इमारतीकडे बघत होती. मग म्हणाली, “ही जागा नाही. इथं लोखंडी जिना होता, क्रेन होती, कोळशाचा वास होता. आणि माणसं. एवढी माणसं.”

खरे सांगायचे तर आमचा विरस झाला होता. आम्ही कशाची अपेक्षा केली होती कोण जाणे. एखादा फलक, एखादा फोटो, की इथून इतकी वर्षे गावोगावचे हजारो लोक आयुष्यभराची पुंजी घेऊन बोटीत चढले, की इथून कोकणचे खलाशी जगभरच्या आगबोटींवर इंजिनांत कोळसा टाकायला गेले. आम्हाला तरी काही दिसले नाही. जुने बंदर धुळीचे, घामाचे होते. ते तसेच ठेवा असे कोणी म्हणणार नाही. क्रूझने येणारा पाहुणा चार पैसे खर्च करील, टॅक्सीवाल्याचे, हॉटेलवाल्याचे भले होईल. पण नव्या इमारतीत एक भिंत जुन्या माणसांसाठी ठेवायला किती खर्च येतो?

मुलगी व्यवहारी आहे. ती म्हणाली, “जमिनीवरून नाही तर पाण्यावरून बघू. बोट तर तिथूनच गेली असेल ना?”

म्हणून जेवण आणि जोहर उरकून भाऊच्या धक्क्यावर गेलो. हा धक्का बांधणारे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, लोक त्यांना भाऊ म्हणत. मासळीचा उग्र वास, बर्फाच्या लाद्या, जाळी, आरडाओरडा. इथे कोणी बुकिंग विचारत नाही. खिडकीवर पैसे टाका आणि लाँचमध्ये बसा. अम्मीचा चेहरा इथे उजळला. “हां, असं होतं,” ती म्हणाली. या धक्क्यानेही पुष्कळ दुःख पाहिले आहे. 17 जुलै 1947 रोजी इथून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. कोकणातल्या जुन्या घरांत अजून ती तारीख निघते.

आम्ही मोऱ्याची, म्हणजे उरणच्या बाजूची लाँच घेतली. तासाभराच्या आतला प्रवास. अम्मीला चढवायला दोन खलाश्यांनी हात दिला. ती आयुष्यात पहिल्यांदा बोटीत बसत होती. तिने स्वारीची दुआ पढली आणि कठडा घट्ट धरला. सीगल पक्षी बोटीमागे उडत होते. मुले त्यांना गाठी टाकत होती. उजवीकडे वळून पाहिले तर गोदीचा सगळा किनारा एका नजरेत येत होता: गोदामे, क्रेन, पांढरे टर्मिनल, त्यापलीकडे नौदलाची राखाडी जहाजे. डावीकडे तेलाच्या टाक्यांचे जवाहर द्वीप, मागे घारापुरीचे डोंगर, आणि समोर लांबवर न्हावा-शेव्याच्या क्रेनची रांग.

आमच्या बाकावर एक वयस्कर गृहस्थ बसले होते. पांढरी दाढी, डोक्यावर टोपी, हातात औषधांची पिशवी. सलाम-दुआ झाली. श्रीवर्धनकडचे, लेकीकडे उरणला चाललेले. तीस वर्षे मालवाहू जहाजांवर नोकरी केली, खलाशी म्हणून लागले आणि सारंग होऊन निवृत्त झाले. त्यांचे वडील आणि आजोबाही बोटीवरच होते. त्यांची मराठी कोकणी वळणाची, आमची देशावरची. मुलांना मोठी गंमत वाटत होती. अम्मीने त्यांना नानांची गोष्ट सांगितली. परक्या माणसाला तिने ती कधी सांगितल्याचे आम्हाला आठवत नाही.

त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, “कंच्या साली?” अम्मीने साल सांगितले. “बोट?” ‘अकबर’. त्यांनी मान हलवली. म्हणाले, “आमच्या जहाजावर दोनदा झालंय असं. एकदा आमचाच एक पोरगा, दापोलीकडचा. इंजिन हळू करतात बघा. सगळे कामधंदा टाकून डेकवर येतात. झेंडा अर्ध्यावर आणतात. कफनाला वजन बांधतात, फळीवरून हळूच सोडतात. असंच टाकून देत नाहीत, बहन. फार अदबीनं करतात.”

अम्मी काही बोलली नाही.

“आणि कॅप्टन लिहून ठेवतो,” ते पुढे म्हणाले. “लॉगबुकात. कोण गेला, काय आजार, किती वाजता. आणि जागा. अक्षांश, रेखांश. समुद्रात खूण नसते, पण जागा लिहिल्याशिवाय राहत नाहीत. कायदाच आहे तसा.”

लाँचचे इंजिन फार आवाज करत होते. अम्मीने त्यांना पुन्हा सांगायला लावले. त्यांनी पुन्हा सांगितले, सावकाश. मग अम्मी मुलीकडे वळली. “अक्षांश-रेखांश म्हणजे तुझ्या भूगोलातलं ना गं?”

“हो दादी. दोन आकडे असतात. ते मिळाले की पृथ्वीवरची कुठलीही जागा सापडते.”

“समुद्रातली पण?”

“समुद्रातली पण.”

अम्मी बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. मोरा जवळ आला तेव्हा म्हणाली, “म्हणजे पत्ता आहे.”

मोऱ्याच्या जेटीवर ते गृहस्थ उतरले. अम्मीने त्यांच्यासाठी दुआ केली, त्यांनी तिच्यासाठी. आम्ही जेटीवरच वडापाव खाल्ला, असरची नमाज पढली आणि परतीची लाँच घेतली. येताना सूर्य मुंबईच्या इमारतींमागे उतरत होता आणि सगळा किनारा काळा दिसत होता, नवे काय नि जुने काय कळत नव्हते. अम्मीने कुणाला काही न सांगता सुरह यासीन पढायला सुरुवात केली. मुलांनी पक्ष्यांना खाऊ घालणे थांबवले. धक्का येईपर्यंत तिची यासीन पुरी झाली.

दुसऱ्या दिवशी मुलांसाठी राणीची बाग आणि हाजी अलीचा किनारा झाला. त्याबद्दल लिहिण्यासारखे विशेष नाही. गर्दी फार होती आणि मुलाचा बूट हरवला.

परतताना मध्यरात्री दौंडला उतरलो. मामू जागे होते. अम्मीने बुरखा उतरवायच्या आधी त्यांना लॉगबुकाची गोष्ट सांगितली. मामूंनी काही न बोलता माळ्याला शिडी लावली. दम्याचा माणूस, आम्ही नको नको म्हणत असताना स्वतः चढले. ट्रंक खाली आली. तारेवरची तारीख त्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचली, अम्मीने ती मुलीच्या वहीत लिहून घेतली: बोटीचे नाव, प्रवाशाचे नाव, गाव, तारीख.

शिरूरला आल्यावर मुलीने अर्ज लिहायला घेतला आहे. जुन्या कंपनीची कागदपत्रे विलीनीकरणानंतर कुठे गेली, पन्नास वर्षांपूर्वीची लॉगबुके कुठल्या दप्तरात असतात, याची चौकशी आम्ही करत आहोत. वाचकांपैकी कुणाच्या घरातले कोणी मुगल लाईनच्या बोटीवर नोकरीला असेल, किंवा कुणी असा दाखला मिळवला असेल, तर संपादकांच्या पत्त्यावर जरूर कळवावे. अर्जात मागणी फार मोठी नाही. मुलीने शेवटच्या ओळीत लिहिले आहे की आम्हाला फक्त दोन आकडे हवे आहेत. अम्मीने तो अर्ज दोनदा वाचून घेतला आणि खाली स्वतः सही केली, नानांच्या पूर्ण नावासकट.

जमजमचा डबा मामूंनी या वेळी माळ्यावर परत ठेवला नाही. तो त्यांच्या खोलीत, घड्याळाखाली आहे.